लेकीच्या घरचं नेट

अप्पांनी वायर कापली नव्हती. आपल्या नेटच्या डब्यातलं टोक काढून, मागच्या खिडकीपर्यंत ओढून आणून तिचं नीट वेटोळं केलं होतं, सुतळीनं बांधलं होतं आणि गजाला अडकवलं होतं. पार्सलला लावतात तशी एक चिठ्ठी तिला लावलेली. चिठ्ठीवर माझं नाव आणि खाली एकच शब्द : परत.

"ही तुझी वायर," अप्पा म्हणाले. "घेऊन जा."

"काय झालं अप्पा? चालत नाही का?"

"चालती. चालती म्हणून तर काढली."

आमच्या धंद्यात तक्रारी एकाच प्रकारच्या असतात. चालत नाही. चालतंय म्हणून कुणी बीडहून चौसाळ्याला बोलावून घेतल्याची ती पहिली आणि शेवटची वेळ. मी मोटारसायकलवरून आलो होतो. हायवे खोदून ठेवलेला, त्यामुळं भुवयांपर्यंत पांढरा झालो होतो. अप्पांच्या कपाळावर भस्माचे तीन पट्टे होते, माझ्या सगळ्या तोंडावर एकच.

तेव्हा बीडमध्ये माझं कॉम्प्युटरचं दुकान होतं. बोर्डावर 'नेटवर्किंग स्पेशालिस्ट' असं लिहिलेलं. पेंटरनं विचारलं होतं, आणखी काय लिहू, तर मी म्हटलं होतं, एवढं बस झालं. औरंगाबादला तीन महिन्यांचा कोर्स करून आलो होतो, त्यातले तीन आठवडे गोवरानं गेले. प्रत्यक्षात मी दिवसभर प्रिंटरमध्ये शाई भरायचो आणि लोकांच्या कॉम्प्युटरमधले व्हायरस काढायचो. बोटं कायम निळी-काळी. आमच्या सासूबाई म्हणायच्या, जावई इंजिनियर आहेत की रंगारी?

गावोगावी ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं. ज्याचं पोरगं पुण्याला नोकरीला, त्याच्या घरी कॉम्प्युटर, टेलिफोनच्या वायरीवर नेट आणि मॉनिटरच्या डोक्यावर चिमट्यासारखा बसवलेला कॅमेरा, असं सगळं दिसायला लागलं होतं. अप्पांच्या घरीही तसंच. अप्पा म्हणजे रिटायर पोस्टमास्तर. बायको जाऊन चार वर्षं झालेली, मुलगा सतीश पुण्याला कंपनीत. घरात एकटे. मुलगी नंदाताई मात्र गावातच दिलेली. गावातच म्हणजे किती, तर अप्पांच्या घराची मागची भिंत आणि नंदाताईंच्या घराची मागची भिंत यांच्यामध्ये एक बोळ. अंतर म्हणाल तर पन्नास फूट. पण मागच्या बाजूला दोन्हीकडं दार नाही. रस्त्यानं जायचं तर पेठेला पूर्ण वळसा.

नंदाताई आपल्या पुढच्या खोलीत कॉलेजच्या पोरांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायच्या. म्हणून त्यांच्याकडंही वेगळी लाइन, वेगळं नेट. दोन्ही घरचे कॉम्प्युटर मीच बसवलेले. म्हणून एका दुपारी त्या स्वतः बीडला माझ्या दुकानात आल्या.

"दादा, अप्पा पडले," त्या म्हणाल्या.

"अरे! कधी?"

"परवा. न्हाणीत. सकाळी पडले ते पेपरवाला येईपर्यंत पडूनच होते. पेपर दुपारी येतो आमच्याकडं. हाड न्हाई मोडलं. पण हाका मारत होते. पन्नास फुटांवर मी पोरांचे फॉर्म भरत बसलेते, दादा."

मी शाईची बाटली खाली ठेवली.

"त्यांना म्हटलं, माझ्याकडं राहायला या. तर न्हाई. आमच्याकडं तर ते पाणी बी पीत न्हाईत, राहायचं लांबच. मी जाऊन-येऊन करते, पण दिवसभर दारात पोरं. तुमी असं काहीतरी करा की अप्पाचा कॅमेरा मला माझ्या कॉम्प्युटरवर दिसंल. कायम. फॉर्म भरता भरता नुसती मान वर केली की दिसले पाहिजेत."

"नेटवरून दिसतील की. सतीशला दिसतात तसे."

"सतीश रविवारचा अर्धा तास बगतो. त्यात बी निम्मा येळ 'आवाज येतोय का' ह्याच्यातच जातो."

बरोबर होतं त्यांचं. नेटवरून बघायचं म्हणजे अप्पांचं चित्र टेलिफोनच्या वायरीनं मुंबईकडं जाणार, तिथून फिरून पुन्हा चौसाळ्याला येणार आणि मग बोळ ओलांडणार. लाइन गेली की चित्र गेलं. लाइन तर रोज जायची. त्यापेक्षा बोळावरून पन्नास फूट वायर टाकून दोन्ही घरचे डबे एकमेकांना जोडले, की बाहेरच्या नेटचा संबंधच राहत नाही. मी छाती पुढं काढून म्हटलं, "ताई, हे तर माझं रोजचं काम आहे."

हे मी आयुष्यात एकदाही केलेलं नव्हतं.

डबा म्हणजे राउटर. तो घरातल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर देतो आणि जाणाऱ्या-येणाऱ्या माहितीला वाट दाखवतो. प्रत्येक डब्याला स्वतःचाही नंबर असतो आणि तो कारखान्यातूनच ठरून येतो. दोन्ही घरचे डबे एकाच बनावटीचे. त्यामुळं वायर टाकून, टोकांना जॅक मारून मी दोन्ही डबे मोठ्या तोऱ्यात जोडले आणि पाच मिनिटांत दोन्ही घरचं सगळं बंद पडलं. दोघांचा नंबर एकच, दोघंही स्वतःला कारभारी समजणारे. नंदाताईंच्या ओट्यावर फॉर्म भरायला आलेली पोरं ओरडायला लागली.

अप्पा माझ्या पाठीशी खुर्ची टाकून बसले होते. पायाला फडकं बांधलेलं.

"काय इंजिनियर, काय झालं?"

मी समजावून सांगितलं. अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"म्हंजे दोन गावांना एकच पिनकोड?"

"अगदी तसंच."

"मग टपाल जाईल कसं? ह्यात कोर्स काय करायचा, आमच्या पोस्टमनला बी कळतं हे."

मी मान हलवली आणि सोपा मार्ग धरला. अप्पांच्या डब्याचा नंबर बदलला आणि त्याचं नंबर वाटण्याचं काम बंद केलं. आता दोन्ही घरांना नंबर वाटणार तो नंदाताईंचा डबा. दोन घरं, कारभारी एक. अप्पांचा डबा नुसता हिरवे दिवे लावून फळीवर बसून राहिला, रिटायर झाल्यासारखा. पण काम झालं. अप्पांचा पलंग, खुर्ची, न्हाणीचं दार, सगळं नंदाताईंच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसायला लागलं. अप्पा खुर्चीतून उठले, दोन पावलं चालले आणि पुन्हा बसले. तिकडं नंदाताईंनी स्क्रीनवर हात ठेवला. मी तेव्हा तिकडंच उभा होतो. त्यांनी पदरानं स्क्रीनवरची धूळ पुसली. धूळ नव्हती.

मी अप्पांना विचारलं होतं, दिवसभर कुणी बघत बसलेलं चालेल ना तुम्हाला?

"चाळीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसलो," अप्पा म्हणाले. "लोकांनी बगायची सवय हाय. फक्त पूजेला बसलो की मी त्याच्यावर उपरणं टाकीन. इष्टलिंग हातावर असताना कुणी बगायचं न्हाई."

मी खूश होऊन बीडला परत आलो आणि बायकोला म्हटलं, आज मी दोन घरं जोडली. ती म्हणाली, मग आता आपल्या घरचा नळ जोडा.

आठ दिवसांनी फोन आला. आवाज अप्पांचाच, पण नंबर किराणा दुकानाचा.

"इंजिनियर, उद्या यायचं."

तर मी असा आलो होतो आणि ती वायर परत अशी गजाला लटकत होती.

"बस," अप्पा म्हणाले. "तुला एक हिशोबाची गोष्ट इचारतो. माझा फोन मुका हाय. सोमवारपासून. रस्त्याच्या खोदकामात ह्या बाजूच्या लायनी तुटल्या. नंदाकडची चालू हाय, तिची पेठेच्या खांबावरनं येती. बराबर?"

"बरोबर."

"नेट टेलिफोनच्या वायरीतनं येतं. बराबर?"

"बरोबर."

"मग रविवार नसताना काल सतीश कसा काय दिसला मला? चांगला स्वच्छ दिसला. 'अप्पा, जेवलात का' म्हणला. मी म्हटलं, पोरा, तू कुण्या वाटंनं आला?"

माझ्या डोक्यात उजेड पडला. नंबर नंदाताईंचा डबा वाटत होता. जो नंबर वाटतो, तोच बाहेरची वाट दाखवतो. म्हणजे आठ दिवस अप्पांच्या कॉम्प्युटरला नेट येत होतं ते नंदाताईंच्या घरून. पुस्तकात ह्याला चूक म्हणत नाहीत. सोपी पद्धत म्हणतात.

"माझं हापिस बंद करून," अप्पा सावकाश म्हणाले, "मला तिची ब्रँच केली तू."

"अप्पा, पण त्यानं काय बिघडलं? नेटच आहे. ताईंना काही कमी पडत नाही त्यानं."

"पाणी प्यायल्यानं तरी तिला काय कमी पडतं?"

लेकीच्या घरचं पाणी न घेण्याची रीत आपल्याकडं काही नवी नाही. माझे आजोबा आत्याच्या गावी जायचे तेव्हा आधी शेजारच्यांकडं चहा पिऊन मग तिच्या घरी टेकायचे. लेकीला मूल झालं की ती रीत सुटते. नंदाताईंच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती. सुटली नव्हती.

अप्पा त्यांच्याकडं जायचे तेव्हा ओट्यावरच बसायचे. नंदाताई तांब्या आणून समोर ठेवायच्या. अप्पा तांब्याच्या काठाला बोट लावायचे, म्हणायचे, "पोचलं, नंदा." आणि तांब्या होता तसा आत जायचा. हे मी स्वतः पाहिलं होतं. नंदाताई तांब्या उचलताना कुणाकडंच बघायच्या नाहीत, हेही पाहिलं होतं.

"मला म्हातारपणात कुणी बगावं, हे कबूल हाय," अप्पा म्हणाले. "माझ्या घरचं तिकडं जाऊ दे, कितीबी जाऊ दे. तिच्या घरचं इकडं येता कामा नये. जमतं का असं? न्हाई जमत तर वायर ने. आणि नंदाला काय सांगायचं ते तूच सांग. मी न्हाई सांगणार."

शेवटचं वाक्य ते खिडकीकडं बघून बोलले. मला कळलं की वायर गेली तर ह्या दोघांपैकी कुणालाच झोप लागणार नाही. आणि ते सांगायचं काम माझ्या गळ्यात.

"जमतं," मी म्हटलं. ह्या वेळी छाती पुढं काढली नाही.

दुसरी पद्धत अशी. दोन्ही डबे आपापल्या जागी पूर्ण कारभारी ठेवायचे. दोघांना वेगवेगळे नंबर द्यायचे. आणि मध्ये एक तिसरा डबा बसवायचा, ज्याचा एक पाय ह्या घरात आणि दुसरा त्या घरात. मग प्रत्येक कारभाऱ्याला एक जादा सूचना द्यायची : पलीकडच्या नंबरासाठी काही आलं तर ते मधल्या डब्याकडं दे, बाकी सगळं आपल्या नेहमीच्या लाइननं बाहेर पाठव. इंग्रजीत ह्याला स्टॅटिक रूट म्हणतात. कोर्समध्ये हा धडा गोवराच्या आठवड्यात झाला होता.

पण अप्पांना सांगायला गेलो तर त्यांनी मला अर्ध्यावर थांबवलं.

"म्हंजे थैली."

"काय?"

"दोन हापिसांच्या मधली थैली. तिकडच्या गावाचं तेवढं थैलीत टाकायचं, बाकीचं मोठ्या गाडीला. लिंबागणेश गावचं आमच्याकडं असंच येत होतं. एवढी साधी गोष्ट, आन् त्याला तू डोकं कावून खाजवतो?"

तिसरा डबा माझ्या डिक्कीत होता. दुकानात बरेच दिवस खपला नव्हता, म्हणून जाईल तिथं नेत होतो. तो ठेवायचा कुठं, ह्यावर अर्धा तास गेला. अप्पांच्या घरात ठेवला तर नंदाताईंचा एक पाय अप्पांच्या घरात येतो, तिकडं ठेवला तर अप्पांचा तिकडं जातो. शेवटी अप्पांनी माळ्यावरून एक पत्र्याची लाल पेटी काढायला लावली. कधीकाळी घराच्या फाटकावर होती. ती बोळात, दोन्ही भिंतींच्या मधोमध, अँगलवर ठोकली आणि डबा तिच्यात ठेवला. पत्रं टाकायच्या फटीतून दोन निळ्या वायरी बाहेर.

"लाइट कुणाच्या घरची घ्यायची?" मी विचारलं.

"माझ्या. आपलं जायला हरकत न्हाई म्हटलं ना."

नंबर देताना मी अप्पांच्या घराला एक आणि नंदाताईंच्या घराला दोन असं टाकत होतो. त्यांनी माझा हात धरला. "लेकीला एक दे." दिला.

मग अप्पांच्या डब्यात थैलीची सूचना लिहिली आणि त्यांच्या कॉम्प्युटरवरून नंदाताईंच्या कॉम्प्युटरला हाक मारून पाहिली. ही हाक म्हणजे पिंग. आपण म्हणायचं, आहेस का? पलीकडच्यानं म्हणायचं, आहे. चार वेळा विचारतो, चार उत्तरं आली म्हणजे रस्ता झाला.

एकही उत्तर आलं नाही.

जॅक बदलला. तिसरा डबा बंद करून चालू केला. बोळात शिडीवर चढून पेटीत डोकं घातलं. दिवे सगळे लागत होते. पुन्हा हाक, पुन्हा शांतता. एक तास झाला. अप्पांनी मला पाणी दिलं, मी ते पिऊन टाकलं आणि उगाच लाज वाटली.

"अप्पा, जातंय नीट. पेटीपर्यंत जातंय, पलीकडं पण जात असणार. उत्तर येत नाही."

अप्पा स्क्रीनकडं बघत होते. मग म्हणाले, "तिकडच्या पोस्टमास्तरला परतीचं सांगितलं का?"

"म्हणजे?"

"आपल्या हापिसाला तू सांगितलं की तिकडचं टपाल थैलीत टाक. तिकडच्या हापिसाला सांगितलं का, की इकडचं टपाल बी ह्याच थैलीत टाक म्हणून? न्हाई सांगितलं तर ते उत्तर घेऊन मोठ्या गाडीला घालतंय. मुंबईला. तिथं अप्पाला कोण वळखतं?"

मी स्वतःच्या कपाळावर हात मारला. शाईचा पंजा उमटला असावा, कारण अप्पा हसले. दोन्ही बाजूंना सूचना लिहाव्या लागतात. मी एकाच बाजूला लिहिली होती. प्रश्न जात होते, उत्तराला वाट नव्हती.

मग दुसरं काहीतरी माझ्या लक्षात आलं. अप्पांच्याही लक्षात आलं.

"अप्पा," मी म्हटलं, "परतीचं लिहिलं तर तिकडून काहीतरी येणार. नेट नाही येणार, ते तुमचं तुमच्या लाइननंच. पण ताईंच्या घरून उत्तर येणार. त्याशिवाय चित्रसुद्धा जात नाही. प्रत्येक तुकड्यामागं पलीकडून 'मिळालं' असं यावंच लागतं."

बाहेर कुणाची तरी बैलगाडी गेली.

"पोच," अप्पा म्हणाले.

"हो, पोच."

"पोच ही पाठवणाऱ्याचीच असती. रजिस्टर पत्राची पोच पाठवणाऱ्याला परत येती, ती काय त्यानं कुणाचं घेतलं असं होत न्हाई. पोचच येणार नसंल तर माणूस पाठवंल कशाला? जा. लिही परतीचं."

मी पेठेला वळसा घालून नंदाताईंकडं गेलो. त्यांच्या डब्यात परतीची सूचना लिहिली. त्यांच्या कॉम्प्युटरलाही कॅमेरा आणि माइक लावला. त्यांना म्हटलं, ताई, बसून राहा, मी तिकडून बोलतो. पुन्हा वळसा. अप्पांच्या घरून हाक मारली. चारला चार. अप्पांनी मोठ्यानं मोजली.

कॅमेरा लावला. नंदाताई दिसल्या. "दादा, दिसतंय! अप्पा, मान वर करा!" आणि त्याच क्षणी दोन्हीकडच्या स्पीकरनी अशी शिट्टी मारली की अप्पांनी कानावर हात ठेवले. एकीकडचा आवाज दुसरीकडच्या माइकमध्ये जाऊन फिरत राहिला की असं होतं. मी अप्पांच्या स्पीकरचं बटण पूर्ण खाली फिरवलं. शिट्टी थांबली. मग वायरी बांधायला टेबलाखाली शिरलो.

अप्पांच्या माइकचं बटण वेगळं होतं. त्याला मी हात लावला नाही. म्हणजे आम्हाला तिकडचं काही ऐकू येत नव्हतं आणि इकडचं सगळं तिकडं जात होतं. हे मला टेबलाखाली आठवायला हवं होतं. मला टेबलाखाली दुसरंच आठवत होतं. तो तांब्या.

"अप्पा," मी खालूनच विचारलं, "रागावू नका. पण बारा वर्षं झाली. आता कोण विचारतंय? ताईंना किती वाईट वाटत असेल. एक घोट घेतला तर काय होईल?"

खुर्ची कुरकुरली.

"नंदाची आई होती तवा आमचं ठरलं होतं," ते म्हणाले. "नातवंड होईल, त्याच्या हातनं पाणी प्यायचं. आई गेली. मग लोक म्हणायला लागले, अप्पा, आता काय, प्या. जावईबापू बी म्हणले. तुला वाटतं मी रीतीला धरून बसलोय?"

मी टेबलाखाली वायर हातात धरून बसलो होतो.

"मी प्यालो तर नंदाला काय कळंल? की अप्पानं बी आशा सोडली. डॉक्टरनं सोडली, सासरच्यांनी सोडली, तिनं स्वतः सोडली का न्हाई मला मालूम न्हाई. पण एक माणूस तरी तांब्याला हात लावून म्हणतोय की अजून येळ हाय. मला तहान लागती रे. उन्हाचं चालत जातो तिच्याकडं. पण ती तहान मी तिच्यासाठी धरलीय."

डोकं वर काढताना ते टेबलाला आपटलं, ते बरंच झालं. डोळ्यांना पाणी यायला कारण मिळालं.

स्क्रीनवर नंदाताई होत्या. पदर तोंडाशी धरलेला. त्यांच्यामागं फॉर्म भरायला आलेल्या तीन पोरी भिंतीला चिकटून उभ्या, हातात कागद, कुणी हलत नव्हतं. अप्पांनी माझ्या नजरेमागं स्क्रीनकडं पाहिलं. मी चोरासारखा हात लांब करून स्पीकरचं बटण वर फिरवलं.

"नंदा," अप्पा म्हणाले. "कितीक येळचं चालू हाय हे?"

"पहिल्यापासून, अप्पा."

अप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. "इंजिनियर," ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुझं एक काम धड न्हाई."

तिकडं नंदाताई रडता रडता हसल्या. मग नाक पुसून म्हणाल्या, "अप्पा, मी चहा ठेवते. माझ्या घरी, माझा. तुमी तुमच्या घरी तुमचा ठेवा. संगं पिऊ."

अप्पा उठले. पायाचं फडकं सांभाळत चुलीकडं, म्हणजे गॅसकडं गेले. पातेलं आपटल्याचा आवाज आला. स्क्रीनवरची खुर्ची रिकामी झाली, कारण नंदाताईही आत गेल्या होत्या. त्या तीन पोरी आणि मी एकमेकांकडं बघत राहिलो. एकीनं मला हळूच सांगितलं, "सर, फॉर्मची शेवटची तारीख उद्या हाय हो."

दहा मिनिटांनी दोघं परत आले. अप्पांनी कप कॅमेऱ्यासमोर धरला. नंदाताईंनी त्यांचा धरला. अप्पांनी स्क्रीनवरच्या त्यांच्या कपाच्या काठाला बोट लावलं.

"पोचलं, नंदा," ते म्हणाले, आणि आपल्या कपातला चहा प्यायले.

मला त्या दिवशी चहा कुणी दिला नाही. दोघांनाही सुचलंच नाही.

पुढं मी कार्ट्रिज घेऊन, नाहीतर उगाचच, चौसाळ्याला जायचो तेव्हा चारच्या सुमाराला जायचं टाळायचो. ती त्यांच्या चहाची वेळ होती. लोडशेडिंगचं वेळापत्रक बदललं की चहाची वेळ बदलायची, पण चहा चुकायचा नाही. मधल्या काळात अप्पा एकदा पुन्हा पडले, देवघराच्या पायरीवर. नंदाताई वळसा घालून सहा मिनिटांत पोचल्या. फॉर्म अर्धा टाकून.

घरी ही गोष्ट सांगायला लागलो की आमची पोरं आता उठून जातात, त्यांना पाठ झालीय. नव्यानं ऐकणारे मात्र एकच विचारतात : मग नातवंड झालं का? नाही झालं. अप्पा त्यानंतर सहा वर्षं होते. शेवटपर्यंत त्यांनी लेकीच्या घरचं पाणी घेतलं नाही, आणि शेवटपर्यंत रोज लेकीसोबत चहा घेतला. ओट्यावर गेले की तांब्या तसाच यायचा, बोट तसंच लागायचं. फरक एवढाच की तांब्या आत नेताना नंदाताई आता त्यांच्याकडं बघून हसायच्या.

ती लाल पेटी परवापरवापर्यंत बोळात होती. आत डबा नव्हता, चिमण्यांनी घर केलं होतं.

धंद्यातला धडा म्हणाल तर दोन. सूचना दोन्ही बाजूंना लिहायच्या, एका बाजूला लिहून काही होत नाही. आणि दोन घरचे राउटर जोडायचे असतील तर नंबर बघायच्या आधी यजमानांना विचारून घ्यायचं, ह्या घरचं त्या घरी चालतं का. पुस्तकात हा प्रश्न अजून आलेला नाही. मी पाहिलंय.